नवीन मोटारसायकलचे रनिंग-इन: सांभाळायचे काय, वेग की इंजिनावरचा भार?

प्रश्न (नवी_गाडी):

नमस्कार. गेल्या आठवड्यात मी पहिलीच कोरी मोटारसायकल घेतली. इंजिन एका सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे, हवेवर थंड होणारे आहे आणि गिअर पाच आहेत. आजपर्यंत १८० किलोमीटर झाले असून पहिल्या सर्व्हिसिंगला बराच अवकाश आहे. रनिंग-इनबद्दल, म्हणजे नव्या इंजिनाचे भाग एकमेकांत बसेपर्यंत गाडी कशी चालवावी याबद्दल, जितक्या जणांना विचारले तितकी वेगळी उत्तरे मिळाली, म्हणून चुकीची सवय लागण्याआधी जाणकारांकडून नीट समजून घ्यावे या हेतूने थोडे सविस्तर लिहितो आहे.

माझ्या वडिलांनी तीस वर्षे दुचाकी चालवली आहे. त्यांचे म्हणणे असे की पहिले हजार किलोमीटर काटा ४० च्या पुढे जाऊ द्यायचा नाही, म्हणजे इंजिन जन्मभर साथ देते. त्यांचा शब्द मानून मी परवा मुद्दाम मोकळ्या रस्त्यावर गेलो आणि जवळजवळ ९० किलोमीटर पाचव्या गिअरमध्ये, ४० च्याच वेगाने, एक्सिलरेटर जराही न हलवता गाडी चालवली. नंतर एका मित्राने सांगितले की हे अगदी उलट झाले, नवीन इंजिन पहिल्या दिवसापासून जोरात पळवावे, नाहीतर रिंगा (पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्या) कधीच बसत नाहीत. तिसऱ्या एका परिचितांच्या मते आजची इंजिने कारखान्यातूनच तयार होऊन येतात आणि रनिंग-इन ही आता गरज राहिलेली नाही.

मला मुख्यतः हे जाणून घ्यायचे आहे की मर्यादा खरोखर वेगाची असते की दुसऱ्या कशाची, आणि परवाच्या त्या ९० किलोमीटरमुळे इंजिनाचे काही नुकसान झाले असेल का. त्याशिवाय पहिले ऑइल ठरलेल्या अंतराआधीच बदलावे का आणि तेव्हा लगेच सिंथेटिक घालावे का, याबद्दलही मतभेद ऐकले. नुसता नियम न सांगता त्यामागचे कारणही सांगितलेत तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १ (सकाळची_फेरी):

गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका आधी उघडावी, कारण तुमचे इंजिन ज्यांनी बनवले त्यांचे म्हणणे त्यात लिहिलेले असते आणि वॉरंटीचा प्रश्न आला तर तेच ग्राह्य धरले जाते. होंडाच्या अनेक पुस्तिकांमध्ये पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत एक्सिलरेटर पूर्ण उघडू नये, एकदम जोरात पिकअप घेऊ नये, करकचून ब्रेक लावू नये आणि झटक्यात खालचे गिअर टाकू नयेत असे सांगितलेले असते. यामाहा शून्य ते १६०० किलोमीटर हा इंजिनाच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा काळ मानते आणि त्याचे १००० च्या आधीचा व नंतरचा असे दोन टप्पे करते. या सूचना लक्षपूर्वक वाचल्यात तर एक गोष्ट दिसेल: त्या बहुतेक वेळा आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) किंवा एक्सिलरेटर किती उघडावा याच्या भाषेत लिहिलेल्या असतात. काही पुस्तिकांत प्रत्येक गिअरसाठी वेगळा वेग दिलेला असतो. तोही शेवटी आरपीएमचाच हिशेब आहे, ज्या गाडीला आरपीएमचा काटा नाही तिच्या चालकासाठी सोपा करून सांगितलेला. सगळ्या गिअरना मिळून ४० ची एकच मर्यादा कशी चुकीची ठरते ते यावरून लक्षात येईल. दुसऱ्या गिअरमध्ये ४० म्हणजे इंजिन चांगलेच फिरत असते, तर पाचव्यात ४० म्हणजे ते कसेबसे ओढत असते.

प्रतिसाद २ (पाना_आणि_ग्रीस):

मी बरीच वर्षे इंजिने बांधण्याचे काम करतो. ब्लॉकला बोअर मारणे, होनिंग करणे, नवीन पिस्टन-रिंगा बसवणे आणि मग ती गाडी मालकाच्या हाती देताना पहिले काही दिवस कशी चालवायची हे समजावणे, हे माझे रोजचेच काम आहे. म्हणून कारण मागितलेत याचा आनंद झाला. कारण समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत.

सिलिंडरची आतली भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसली तरी ती मुद्दाम खरबरीत ठेवलेली असते. होनिंगच्या दगडांनी तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा काढलेल्या असतात. या रेघांची दोन कामे असतात. त्यांच्या खाचांत ऑइल टिकून राहते, आणि त्यांची उंच टोके पिस्टन रिंगेच्या कडेला घासून रिंगेचा आकार त्या विशिष्ट सिलिंडरशी जुळवून घेतात. नवीन रिंग कितीही अचूक बनवली असली तरी ती भिंतीला सर्व बाजूंनी सारखी टेकत नाही. जिथे टेकत नाही तिथून जळलेले वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, निसटतात आणि ऑइल वर ज्वलनकक्षात जाते. टोके थोडी झिजून सपाट झाली आणि खाचा मात्र तशाच राहिल्या, म्हणजे रिंगा बसल्या असे आपण म्हणतो. रनिंग-इनचा मुख्य अर्थ एवढाच आहे.

आता भाराचा संबंध कुठे येतो तो पाहा. रिंगेला भिंतीवर दाबणारा तिचा स्वतःचा ताण तसा कमीच असतो. खरा जोर येतो तो ज्वलनाच्या दाबाचा. पेट्रोल पेटले की तो वायू वरच्या रिंगेच्या मागे, पिस्टनच्या खाचेत शिरतो आणि रिंगेला मागून बाहेर ढकलतो. एक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना सिलिंडरातला कमाल दाब हवेच्या दाबाच्या पन्नास पटीहूनही जास्त असू शकतो, आणि सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ४० ने रमतगमत जाताना तो त्याच्या मानाने फारच थोडा असतो. म्हणजे रिंग बसण्यासाठी जो दाब हवा तोच हळू चालवण्यात मिळत नाही. दाब कमी आणि घासणे मात्र सतत चालू, अशा स्थितीत ऑइलचा पातळ थर भिंतीवर भाजून काचेसारखा चकाकणारा लेप तयार होऊ शकतो. होनिंगच्या खाचा त्याखाली बुजतात आणि त्यानंतर रिंगा बसणे कठीण होते. सुझुकीच्या पुस्तिकांमध्ये तर हे स्पष्टच लिहिलेले असते की सतत एकाच मंद वेगाने, हलक्या भारावर इंजिन चालवल्यास भाग चकाकतात आणि जागेवर बसत नाहीत.

मग तुमच्या मित्राचे म्हणणे पूर्ण खरे का? नाही, कारण दाबाबरोबर उष्णताही येते. नवीन पृष्ठभाग टोकाटोकांनी घासत असल्यामुळे त्या टोकांवर स्थानिक उष्णता पुष्कळ निर्माण होते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पिस्टन आणि भिंत यांमधले अंतर मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकेच असते. इंजिन थंड असताना एकदम जोर दिला तर पिस्टन लगेच तापून फुगतो, बाहेरचा सिलिंडर अजून थंडच असतो, आणि ते थोडेसे अंतरही संपून पिस्टनवर ओरखडे येतात. फारच झाले तर इंजिन जाम होते. म्हणून रिंगांना दाब हवा, पण तो थोड्या थोड्या वेळासाठी हवा, आणि मधे थंड व्हायला उसंत हवी.

हे रस्त्यावर कसे साधायचे? गाडी सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावे आणि मग निघावे. उभ्या गाडीवर दहा-दहा मिनिटे इंजिन चालू ठेवणे नवीन इंजिनाला अजिबात मानवत नाही, कारण त्या वेळी दाब सर्वांत कमी असतो, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वाराही मिळत नाही, आणि थंड इंजिनाला लागणारे जास्तीचे पेट्रोल भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते. पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या हाताने चालवावे. इंजिन नीट तापले की तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये, मधल्या आरपीएमवर, एक्सिलरेटर अर्ध्यापासून पाऊणपर्यंत उघडून काही सेकंद वेग वाढू द्यावा आणि मग एक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी त्याच गिअरमध्ये आपोआप मंदावू द्यावी. यातला दुसरा भागही पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि लोक नेमका तोच विसरतात. एक्सिलरेटर बंद असताना पिस्टन खाली जाताना सिलिंडरात निर्वात दाब तयार होतो, त्यामुळे थोडे ऑइल वर रिंगांपर्यंत ओढले जाते, रिंगा थंड होतात आणि घासून निघालेली बारीक धातूची भुकटी धुतली जाते. असे दहा-बारा वेळा केले की काही काळ साधे चालवावे. हलका चढ मिळाला तर उत्तमच, कारण तिथे वेग कमी राहूनही भार मिळतो.

टाळायच्या गोष्टींमध्ये सर्वांत वर मी इंजिन कुंथवणे ठेवीन. वरचा गिअर, कमी आरपीएम, आणि तरीही एक्सिलरेटर पिळून गाडी ओढायला लावणे, हे नवीन इंजिनालाच काय, जुन्यालाही घातक आहे. कमी आरपीएमवर ऑइल पंपही मंद फिरतो, आणि नेमक्या त्याच वेळी बेअरिंगवर व पिस्टनच्या बाजूंवर जबर धक्के बसतात. इंजिन घरघरू लागले, गाडी थरथरली, की विचार न करता एक गिअर खाली आणावा. अनेकांना वाटते की खालच्या गिअरमध्ये आवाज वाढला म्हणजे इंजिनाला त्रास झाला. प्रत्यक्षात त्याची सुटका झालेली असते.

तुमच्या ९० किलोमीटरबद्दल: काळजी करू नये. लेप चढायला बराच सलग काळ लागतो, आणि थोडाफार चढला असला तरी पुढचे काही दिवस वर सांगितल्याप्रमाणे भार बदलत चालवल्यास बहुधा निघून जाईल. फक्त ती पद्धत पुढे चालू ठेवू नये.

प्रतिसाद ३ (चौथा_गिअर):

वरील प्रतिसाद वाचून माझा स्वतःचा अनुभव सांगावासा वाटला, कारण मला हे सांगणारे कोणी भेटले नव्हते. माझी पहिली गाडी मी अतिशय मायेने वापरली. पूर्ण हजार किलोमीटर मी ती शेवटच्या गिअरमध्ये ४० च्या आतच चालवली, कोणाला हातही लावू दिला नाही. काही महिन्यांनी असे लक्षात आले की दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइलची पातळी खाली जाते आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर निळसर धूर दिसतो. साधारण बारा हजार किलोमीटरवर शेवटी ब्लॉक उतरवला. मेकॅनिकने मला सिलिंडर उन्हात धरून आत पाहायला सांगितले. होनिंगच्या रेघा जिथे दिसायला हव्या होत्या तिथे आरशासारखी चकाकी होती. फिरून होनिंग करून नवीन रिंगा टाकल्यावर तो त्रास पूर्ण थांबला, आणि या वेळी मी ती भार बदलत चालवली होती.

एका गाडीवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मी जाणतो. रिंगांमध्येच मुळात दोष असेल, ऑइल चुकीचे असेल, अशी इतर कारणेही संभवतात. तरीही इतक्या काळजीने वापरलेल्या गाडीने ऑइल प्यावे याचे मला फार वाईट वाटले होते. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणूनच हे लिहिले.

वडिलांचा सल्ला कुठून आला असावा याबद्दलही थोडे सांगतो. दोन स्ट्रोकच्या गाड्यांच्या काळात तो अगदीच निराधार नव्हता. त्या इंजिनांत वंगण म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल, आणि पिस्टन दर फेऱ्याला तापत असे. नवीन असताना सलग जोरात पळवले तर इंजिन धरायचे, चाक लॉक व्हायचे आणि माणूस पडायचा. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले त्यांच्या मनात ४० हा आकडा पक्का बसला, तर त्यात नवल नाही. त्यांना चुकीचे ठरवण्यापेक्षा चार स्ट्रोकच्या इंजिनात ऑइलचा वेगळा साठा आणि पंप असतो हे समजावून सांगावे, त्यांनाही पटेल.

प्रतिसाद ४ (काटा_आणि_घाट):

मी जोरात चालवण्याच्या बाजूचा आहे, पण त्या बाजूचे म्हणणे इथे अर्धवट आले आहे असे वाटते. त्यामागचा विचार असा की होनिंगची टोके सुरुवातीलाच सर्वांत तीक्ष्ण असतात आणि रिंगा बसण्याचे मोठे काम पहिल्या काही तासांतच होऊन जाते. ती संधी गेली की टोके बोथट होतात आणि नंतर कितीही भार दिला तरी उपयोग कमी होतो. म्हणून पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्येच चांगला भार द्यावा. इंजिन थंड असताना पिळावे किंवा आरपीएमच्या काट्याच्या लाल रेघेवर (कमाल मर्यादेवर) धरून ठेवावे असे जाणकार कधीच सांगत नाहीत. ऐकणारे मात्र तेवढाच भाग उचलतात.

थोडा हिशेब करून पाहा. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर आणि इंजिन सरासरी ४००० आरपीएमवर फिरते असे धरले, तर १००० किलोमीटरला २५ तास लागतात आणि तेवढ्यात क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) ६० लाख फेरे होतात. पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे त्याची वरपासून खालपर्यंतची चाल, ६० मिलिमीटर असेल, तर दर फेऱ्याला रिंग वर-खाली मिळून १२० मिलिमीटर घासते, म्हणजे एकूण ७२० किलोमीटर. पहिल्या १०० किलोमीटरमध्येच ती ७२ किलोमीटर घासून झालेली असते. इतके घासल्यानंतरही टोके मूळच्याइतकी तीक्ष्ण राहतील असे मानणे अवघड आहे.

शिवाय सध्या अनेक इंजिनांत ओतीव लोखंडाची लायनर (आतले अस्तर) नसून ॲल्युमिनियमच्या सिलिंडरावर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो. माले या जर्मन कंपनीने निकासिल या नावाने तो १९६७ मध्ये आणला. हा मुलामा फार कठीण असतो, झिजतो थोडा, आणि कारखान्यातच होनिंगची टोके कापून सपाट केलेली असतात. इंजिन तयार होऊन येते असे जे तुमच्या परिचितांनी सांगितले त्यात तेवढे तथ्य आहे. मात्र रनिंग-इन म्हणजे नुसत्या रिंगा नव्हेत. क्लचप्लेट, गिअरचे दात, ब्रेक, टायर या सर्वांना एकमेकांची सवय व्हावी लागते, आणि त्यांपैकी एकही गोष्ट कारखान्यात पूर्ण होत नाही.

प्रतिसाद ५ (पाना_आणि_ग्रीस):

काटा_आणि_घाट यांचा हिशेब मला आवडला आणि त्यांच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत आहे: सुरुवातीचे किलोमीटर शेवटच्यांपेक्षा जास्त मोलाचे असतात. मतभेद आहे तो प्रमाणाबद्दल. मी स्वतः बांधलेल्या इंजिनात किती अंतर ठेवले ते मला ठाऊक असते, म्हणून तिथे मी पहिल्या दिवशीच तीन-चतुर्थांश एक्सिलरेटर द्यायला सांगतो. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या बाबतीत मी पुस्तिकेतली आरपीएमची मर्यादा ओलांडायला सांगणार नाही. त्या मर्यादेच्या आत राहूनही पुरेसा भार देता येतो. आरपीएम आणि भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढे लक्षात ठेवले की दोन्ही पक्षांतले भांडण बरेचसे मिटते.

आता ऑइलबद्दल, कारण तो प्रश्न राहून गेला. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये रिंगा, भिंत, गिअर आणि क्लच यांतून निघालेली भुकटी ऑइलमध्ये जमा होते. पहिले ऑइल काढून उन्हात पाहिले तर ते सोनेरी-रुपेरी चमकते. ते पाहून घाबरू नये. काही गाड्यांत ड्रेन बोल्टला चुंबक असते आणि त्यावर काळसर लव जमलेली दिसते, तीही स्वाभाविक आहे. बोटांना टोचतील असे तुकडे किंवा पापुद्रे सापडले तर मात्र लगेच दाखवावे. अनेक लहान इंजिनांत कागदी फिल्टरऐवजी नुसती जाळी असते किंवा क्रँकवर फिरणारा गाळक असतो, आणि बारीक भुकटी अडवण्यात जाळी कमी पडते. अशा इंजिनाचे पहिले ऑइल मी ३००-४०० किलोमीटरवरच बदलावे या मताचा आहे. खर्च थोडा, फायदा निश्चित. मात्र हा बदल जास्तीचा समजावा. वॉरंटीसाठी जी पहिली सर्व्हिसिंग ठरलेली आहे ती ठरल्या अंतराला करायचीच, कारण तिथे ऑइलशिवाय व्हॉल्व्हचे अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारा भाग यांमधली फट), नटबोल्टची घट्टाई आणि चेनचा ताणही तपासला जातो. नवीन व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर बसताना किंचित वर सरकतात आणि त्यांचे अंतर कमी होते. ते फार कमी झाले तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो.

सिंथेटिक घातले तर रिंगा बसतच नाहीत, हे मत मी टोकाचे मानतो. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट मोटारीत १९९२ पासून कारखान्यातच सिंथेटिक ऑइल भरून येते आणि तिच्या रिंगा व्यवस्थित बसतात. तरीही पहिल्या हजार किलोमीटरमध्ये महाग सिंथेटिक घालण्याला मी अर्थ मानत नाही, कारण ते लवकरच काढून टाकायचे आहे. पुस्तिकेत जो ग्रेड दिला आहे तो साध्या किंवा अर्धसिंथेटिक ऑइलमध्ये घ्यावा. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की डब्यावर जासो (ऑइलचे जपानी मानक) एमए किंवा एमए-२ लिहिलेले आहे की नाही हे पाहावे. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि घर्षण फार कमी करणारी काही मोटारींची ऑइले घातली तर तो घसरू लागतो. एमबी हा दर्जा ज्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो अशा स्कूटरसाठी आहे.

प्रतिसाद ६ (सकाळची_फेरी):

टायर आणि ब्रेकचा उल्लेख ओझरता झाला, म्हणून त्यावर थोडे लिहितो. पहिल्या आठवड्यात इंजिनाइतकेच टायर-ब्रेकलाही जपावे लागते. कोऱ्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि त्याची पकड कमी असते. सुझुकी पहिले १६० किलोमीटर जपून चालवायला सांगते. या अंतरात वळणावर गाडी एकदम झुकवू नये; झुकाव रोज थोडा थोडा वाढवत न्यावा, म्हणजे कडाही हळूहळू खरबरीत होतात. ओल्या रस्त्यावर तर दुप्पट जपावे. ब्रेकचे पॅडही डिस्कला पूर्ण टेकायला वेळ लागतो, म्हणून पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे आणि रिकाम्या रस्त्यावर मध्यम जोराने वारंवार ब्रेक लावून ते बसवून घ्यावेत. चेनही पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये इतर वेळेपेक्षा लवकर ढिली होते. सर्व्हिसिंगची वाट न पाहता आठवड्यातून एकदा ती मधोमध वर-खाली हलवून पाहावी.

नवी_गाडी:

सर्वांचे मनापासून आभार. पुस्तिका काढून पाहिली. तिच्यात गिअरनिहाय वेग दिलेला आहे आणि सतत एकाच वेगाने चालवू नये असेही लिहिले आहे. ते पान मी वडिलांना दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि मग त्यांच्या जुन्या दोन स्ट्रोक गाडीचे इंजिन चढावर कसे धरले होते ते सांगितले. चौथा_गिअर यांनी लिहिले होते अगदी तसेच. आज सकाळी इंजिन तापल्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये वेग वाढवत आणि एक्सिलरेटर सोडून मंदावू देत पंधरा किलोमीटर चालवले.

आता एकच शंका उरली आहे. इंजिनाला काच आहे, तिच्यातून ऑइलची पातळी दिसते. सकाळी पातळी वरच्या रेघेजवळ होती आणि फेरीहून आल्या आल्या पाहिली तर खालच्या रेघेच्याही खाली गेली. इतक्यात इतके ऑइल जळाले का? वरून भरावे का?

प्रतिसाद ७ (पाना_आणि_ग्रीस):

भरू नका. इंजिन नुकतेच बंद केलेले असताना बरेचसे ऑइल वर हेडमध्ये आणि मार्गांमध्ये असते, ते खाली उतरायला काही मिनिटे लागतात. सपाट जमिनीवर इंजिन तापेपर्यंत चालवावे, बंद करून तीन ते पाच मिनिटे थांबावे आणि मग काच पाहावी. पाहताना गाडी साइड स्टँडवर नसावी. मधला स्टँड असेल तर त्यावर, नसेल तर दुसऱ्या कोणाला तरी सरळ धरायला सांगून. गाडी डावीकडे कललेली असेल तर काच कोणत्या बाजूला आहे त्यानुसार पातळी कमी किंवा जास्त, पण चुकीचीच दिसते. तुम्ही एकटेच होतात आणि गाडी स्टँडवर होती, असे असेल तर त्यातच उत्तर आहे.

नीट पाहिल्यावरही पातळी दोन रेघांच्या मधे असेल तर तशीच ठेवावी. वरच्या रेघेच्या पलीकडे भरलेले ऑइल फायद्याचे नसते. क्रँक त्यात घुसळून फेस करतो आणि जास्तीचे ऑइल श्वसननळीतून एअर फिल्टरमध्ये जाते. रिंगा बसेपर्यंत थोडे ऑइल जळणे अपेक्षित आहे, म्हणून पुढचे हजार किलोमीटर दर आठवड्याला, त्याच जागी, त्याच पद्धतीने पातळी पाहून वहीत किलोमीटरसह लिहून ठेवावी. सुरुवातीला किंचित घट आणि मग ती थांबली असे दिसले तर रिंगा बसल्या. हजारानंतरही घट त्याच वेगाने चालू राहिली, तर ती वही घेऊन सर्व्हिसिंगला जावे.